तिथीची पाऊणपट

चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यापासून बेलापूरजवळच्या दिवाळे गावापर्यंत खाडीकाठच्या जुन्या माणसांना हा हिशेब पाठ असतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघायची आणि जाळं कधी टाकायचं ते ठरवायचं. याच खाडीत खून झालेल्या माणसाचा देह शोधायचा असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो: त्या रात्री तिथी कोणती होती?

आरोपी सांगतो, पुलावरून टाकलं, रात्री एक-दीडला. तिथी कळली की त्या वेळी पाणी चढत होतं की उतरत होतं ते कळतं. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास असते. म्हणजे दीडला ओहोटी लागलेली, पाणी समुद्राकडे ओढत होतं. अष्टमीला बरोबर उलटं. मध्यरात्री सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, आणि दीडला पाणी आत यायला लागलेलं. त्याच पुलावरून, त्याच वेळी टाकलेली गोष्ट आठवड्याच्या फरकाने विरुद्ध दिशांना जाते. आत कळव्याकडे पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढी भर हिशेबात घालावी लागते. हे न करता बोट उतरवली की पहिले दोन दिवस चुकीच्या अंगाला जातात. ते दोन दिवस पुन्हा मिळत नाहीत.

या पट्ट्यातल्या लोकांना एक प्रकरण अजून आठवतं. नवी मुंबईत राहणारी एक महिला सहायक पोलीस निरीक्षक एप्रिल 2016 मध्ये नाहीशी झाली. अपहरणाचा गुन्हा नोंदला गेला जानेवारी 2017 मध्ये. आरोप होता तो पोलीस खात्यातल्याच एका निरीक्षकावर, आणि त्याला अटक झाली डिसेंबर 2017 मध्ये. मृतदेहाचे तुकडे करून वसईच्या खाडीत टाकले, असं तपासात पुढे आलं. पाणबुडे उतरले, यंत्रांनी तळ तपासला, हाती काही आलं नाही. एप्रिल 2025 मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरवून जन्मठेप दिली. नाहीशी झाल्यापासून अटकेपर्यंत वीस महिने. खाडीत एक भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते. त्या वीस महिन्यांत वसईच्या खाडीत अकराशेहून जास्त वेळा पाणी भरलं आणि उतरलं. त्यानंतर तळाशी काही सापडलं नाही याचं आश्चर्य वाटायला नको. राग यायला हवा तो वीस महिन्यांचा.

देह पाण्यात काय करतो, हे ठाऊक असल्याशिवाय शोध घेता येत नाही. फुप्फुसात पाणी भरलं की शरीर बुडतं. मग आतड्यातले जिवाणू वायू तयार करतात, पोट आणि छाती फुगते, आणि शरीर वर येतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे 24 तासांतसुद्धा होतं, थंडीत दोन-तीन दिवस लागतात. वर आल्यावर ते ओढीच्या आणि वाऱ्याच्या ताब्यात असतं. ओढ ताशी दोन किलोमीटर धरली, तरी एका ओहोटीत बारा किलोमीटर होतात. ठाण्याची खाडी सगळी मिळून साधारण 26 किलोमीटर लांब आहे, त्यावरून अंदाज घ्यावा. पुढची भरती त्याला बरंचसं मागे आणते, पण जिथून नेलं तिथे नाही. मध्येच ते कांदळवनात शिरतं, तिवराच्या मुळांत अडकतं किंवा खुंटांना बांधलेल्या एखाद्या डोलीच्या जाळ्यात येतं. काही दिवसांनी त्वचा फाटते, वायू निघून जातो आणि देह दुसऱ्यांदा बुडतो. म्हणजे खाडी तो दाखवते ती मोजके दिवसच. तोपर्यंत चिंबोऱ्यांनी आणि माशांनी ओठ, पापण्या, बोटं खाल्लेली असतात. ओळख पटवायला सगळ्यात सोपे म्हणजे बोटांचे ठसे, आणि सगळ्यांत आधी जातात तेच.

हा वर येण्याचा काळ हातचा जाऊ नये म्हणून एक काम असतं, ते पाण्यात नाही, रजिस्टरात असतं. नदी-खाडीला हद्द कळत नाही. कळव्यापाशी पाण्यात गेलेलं ऐरोलीला लागतं, वाशीला लागतं, पलीकडे भांडुप-मुलुंडच्या खाजणात लागतं. घोडबंदरला गेलेलं भाईंदरला, नायगावला किंवा थेट वसईच्या किनाऱ्यावर. ठाणे शहर, नवी मुंबई, मुंबई, 2020 पासून मीरा-भाईंदर-वसई-विरार, शिवाय पालघर आणि रायगड, इतक्या पोलीस हद्दी या पाण्याला लागून आहेत. एका हद्दीत मिसिंग, म्हणजे हरवल्याची तक्रार, दाखल असते आणि दुसऱ्या हद्दीत तोच माणूस 'अनोळखी, अकस्मात मृत्यू' म्हणून नोंदला जातो. आता या नोंदी संगणकावर आहेत. तरीही खाडीलगतच्या प्रत्येक पोलीस ठाण्याचं अकस्मात मृत्यूचं रजिस्टर आणि शवागाराची वही कोणीतरी डोळ्यांनी वाचावी लागते.

ती वाचताना एक चूक फार होते. फुगलेल्या, काळवंडलेल्या देहाचं वय बघणाऱ्याला नेहमी चुकीचं वाटतं. सत्तावीस वर्षांच्या मुलीपुढे 'वय अंदाजे 40 ते 45' लिहिलेलं असतं. अंगावर कपडे नसले की स्त्री-पुरुष ठरवतानासुद्धा घोटाळा झालेला असू शकतो. संगणकावर वयाची चाळणी लावली की नेमकी तीच नोंद गळून पडते. म्हणून वय धरायचं नाही. उंची धरायची, दातातलं चांदीचं किंवा सिमेंटचं भरण धरायचं, गोंदण, जुन्या ऑपरेशनचा व्रण, बांगड्यांची संख्या धरायची. हाडात बसवलेली सळई किंवा प्लेट असेल तर सोन्याहून पिवळं, कारण बऱ्याच प्लेटांवर बनवणाऱ्याचे आकडे कोरलेले असतात आणि रुग्णालयाच्या नोंदीत त्यांचं स्टिकर असतं. घरच्यांनी मिसिंग देताना हे सगळं सांगायला हवं. ते सांगत नाहीत, कारण ठाणे अंमलदाराच्या छापील अर्जात 'रंग गहूवर्णी, बांधा मध्यम' एवढीच जागा असते, आणि त्या क्षणी आईला लेकीच्या दाढेतलं सिमेंट आठवत नाही. ते आठवून देणं, हळूच विचारणं, हे अंमलदाराचं काम. सज्ञान माणूस हरवला तर 24 तास थांबावं लागतं, असा कुठलाही कायदा नाही. तरीही 'उद्यापर्यंत वाट बघा, येईल परत' हे वाक्य अजून ऐकू येतं.

बुडालेल्याचा शोध त्याहून अवघड. ठाण्याच्या खाडीत पाण्याखाली दिसणं असं नसतंच. गाळ इतका की पाणबुड्याला स्वतःचा पंजा दिसत नाही. तो शोधतो ते हाताने. तळाला एक दोर ताणून बांधतात, पाणबुडा एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने अर्धवर्तुळात चाचपत जातो, टोकाला पोचला की दोर हातभर सरकवतात आणि परत. हे काम ओढ जोरात असताना होत नाही. पाणी भरून किंवा उतरून थांबतं, ती वीस-पंचवीस मिनिटं कामाची. म्हणून पाणबुडे उतरवायचे ते अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत. तेव्हा ओढ कमी, थांबलेलं पाणी जास्त वेळ थांबतं आणि सुकती दुपारी बाराच्या सुमारास येत असल्याने डोक्यावर ऊन असतं. उधाणात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत, पाणबुडा उतरवणं म्हणजे माणूस धोक्यात घालणं आणि हाती काही न लागणं, दोन्ही एकदम.

यंत्रांकडून लोकांची अपेक्षा फार असते. साइड स्कॅन सोनार तळाचं चित्र काढतं, ते आवाज परतण्यावरून. स्वच्छ वाळूच्या तळावर अख्खा देह त्यात त्याच्या सावलीसकट ओळखू येतो. आपल्या खाडीचा तळ तसा नाही. टायर, गोण्या, विसर्जनाच्या मूर्तींचे सांगाडे, तुटलेली जाळी, पुलाच्या बांधकामाचा राडारोडा, सगळ्यांचं चित्र येतं. मॅग्नेटोमीटर फक्त लोखंड शोधतो. त्याला देह कळत नाही, देहासोबत गेलेली पेटी किंवा साखळी कळते, आणि त्यासोबत खाडीतलं बाकी सगळं भंगारही. यात भर रेतीच्या सक्शन पंपांची. मुंब्रा, काल्हेर, काशेलीच्या अंगाला वर्षानुवर्षं तळ खरवडला गेला, त्यामुळे नकाशावर सपाट असलेल्या जागी खोल खड्डे आहेत. जड वस्तू ओढीबरोबर सरकत त्या खड्ड्यांत जाऊन बसते आणि वर गाळ चढतो. तिथला तळ कुठे किती खोल आहे ते सरकारी कागदापेक्षा रेतीवर काम केलेल्या डुबी मारणाऱ्या माणसाला जास्त माहीत असतं. त्याला विचारायला जायला हवं, आणि आधीच्या धंद्याचा गुन्हा डोक्यावर न ठेवता विचारायला हवं.

कांदळवनातला शोध मात्र नेमका उधाणाच्या दिवसांत. तेव्हा सुकतीला सगळ्यात जास्त चिखल उघडा पडतो. पण ती सुकती सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणजे तांबडं फुटायच्या आत काठावर हजर राहायचं आणि उजाडताच पाऊल टाकायचं, कारण पाणी लगेच परत चढायला लागतं. हाताशी जेमतेम दोन-अडीच तास. माणसं दोन-दोन मीटरवर एका ओळीत, प्रत्येकाच्या कमरेला दोर, हातात बांबू. गमबूट चिखलात रुतून पाय मोकळा निघून येतो. अनवाणी गेलं तर कालवांच्या शिंपल्या तळवा कापतात, आणि तिवराची श्वासमुळं पेन्सिलीसारखी उभी असतात. घट्ट बांधलेले कापडी बूट त्यातल्या त्यात बरे. वास हा इथे भरवशाचा नाही, खाजणातल्या चिखलाला मुळातच कुजक्या अंड्यासारखा वास येतो. बघायचं ते वर घिरट्या घालणाऱ्या घारी, एका जागी जमलेली कुत्री, आणि चिखलात वळलेला कपड्याचा कोपरा. तपासलेल्या प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला फांदीवर रंगीत फडकं बांधायचं. नाहीतर पुढच्या भरतीनंतर सगळं सारखंच दिसतं, तोच पट्टा दोनदा होतो आणि शेजारचा एकदाही होत नाही.

खाडीचा चिखल एका बाबतीत दयाळू आहे. त्याच्या आत हवा पोचत नाही. दबलेला देह सावकाश कुजतो, चरबीचा साबणासारखा पांढरट थर होतो आणि त्याच्या आत शरीराचा आकार पुष्कळ काळ टिकू शकतो. त्यामुळे उशीर झाला म्हणून खाजणाचा शोध सोडून देऊ नये.

येऊर, पारसिक, खारघरचे डोंगर, तुर्भे-महापेच्या जुन्या दगडखाणी, इथल्या शोधाची रीत वेगळी. देह जड असतो. टाकणारा माणूस गाडीपासून लांब जात नाही आणि चढण चढत नाही, म्हणून रस्त्याच्या उताराकडची बाजू आधी. आपल्या मुरमाड जमिनीत खोल खणणं कठीण, खड्डे बहुधा हातभर-दोन हात. पहिल्या पावसानंतर असा खड्डा दबतो, बशीसारखी खोलगट जागा दिसते, आणि गवत तिथे एकतर उगवत नाही किंवा बाजूपेक्षा गर्द येतं. संशय आला की लोखंडी सळई अर्ध्या-अर्ध्या मीटरवर टोचत जायची. जिथे ती सहज आत जाते तिथली माती कधीतरी हललेली आहे. सळईच्या भोकांतून वास वर यायला थोडा वेळ द्यायचा आणि मग श्वान आणायचं, सकाळी, वारा समोरून असताना. यापुढे जेसीबीला हात लावायचा नाही. खुरप्याने बोट-बोट माती काढायची आणि ती सगळी बारीक चाळणीतून चाळायची. माणसाच्या 206 हाडांपैकी 106 हात-पायांच्या पंजांत असतात, त्यातली काही चिंचोक्याएवढी. जेसीबीच्या एका फाळात ती डंपरमध्ये जातात. कसायाच्या कचऱ्यातली हाडंही या भागात सर्रास सापडतात, म्हणून प्रत्येक हाड आधी शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकांकडे जातं. माणसाचं की जनावराचं, हे तिथे ठरतं.

जमिनीत आरपार बघणाऱ्या रडारचं नाव नेहमी निघतं. कोरड्या वाळूत ते उत्तम चालतं. खारट ओल्या चिखलात त्याचे तरंग काही सेंटिमीटरांतच विरतात. खाजणात ते आणू नये, वेळ आणि पैसा जातो.

आणि घर. देह नाही सापडला तरी घर बोलतं. फरशी धुतलेली असते, पण नहाणीच्या जाळीखालचा ट्रॅप, फरशांच्या सांध्यातलं सिमेंट, चौकटीचा खालचा काठ, फ्रिजच्या दाराचं रबर यांत रक्त शिरलेलं असतं. ल्युमिनॉल अंधारात निळसर उजळतं ते रक्तातल्या लोहामुळे. ब्लीचनेही ते उजळतं, म्हणून नुसत्या उजळण्यावर विसंबत नाहीत. तिथून नमुना घेऊन मानवी रक्त आहे का, आणि डीएनए कोणाचा, हे कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बघितलं जातं. नमुना सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरायचा. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते, बुरशी येते आणि पुरावा मरतो. सोसायटीचं सीसीटीव्ही चित्रण बहुतेक ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभरच राहतं, मग त्यावर नवं चढतं. फोनच्या नोंदी दोन वर्षं मिळतात. लिफ्टमधून कोणी काय नेलं हे दाखवणारा तुकडा मात्र तिसऱ्या आठवड्यात पुसला गेलेला असतो. मिसिंगचा अर्ज टेबलावर पडून राहतो तेव्हा खरं नुकसान हे होतं.

'देह नाही तर खून नाही' असं आरोपी समजून चालतात, आणि हताश झालेले नातेवाईकही. कायद्यात तसं नाही. 1981 मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की देह मिळणं ही शिक्षेची अट नव्हे. माणूस मेला आणि तो मारला गेला, हे इतर पुराव्याने निःसंशय सिद्ध व्हायला हवं. न्यायालयं इतकी जपून का असतात, त्याला जुनं कारण आहे. 1660 साली इंग्लंडमधल्या कॅम्पडनमधून एक वृद्ध कारभारी नाहीसा झाला, एक आई आणि तिचे दोन मुलगे फासावर गेले, आणि 1662 मध्ये तो म्हातारा जिवंत परत आला. आपल्या धर्मशास्त्रालाही ही भीती होती. ज्याचे अंत्यसंस्कार देहाशिवाय झाले तो जिवंत परतला, तर त्याला तुपाने न्हाऊ घालून जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करायला सांगितले आहेत.

आरोपीने पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीचा कोर्टात उपयोग नसतो. दोन पंचांसमोरच्या निवेदनातला तेवढाच भाग टिकतो ज्यामुळे काहीतरी प्रत्यक्ष सापडलं. खाडी दाखवली आणि खाडीत काही मिळालं नाही, तर ते निवेदन जवळजवळ कोरा कागद. म्हणून देह नाही तर नाही, करवत, गोणी, गाडीची डिकी, काहीतरी त्याच्या सांगण्यावरून मिळावं लागतं. आरोपी एकाहून जास्त असतील तर प्रत्येकाला वेगळं नेऊन, त्याच रात्रीच्या वेळी, पुलावर जागा दाखवायला सांगावी. दिवसाउजेडी माणूस खांब चुकतो. अंधारात त्याला बंद पडलेला दिवा आणि गाडी आदळलेला सांधा आठवतो.

घरच्यांचं काय होतं? देह नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून विमा, पेन्शन, बँकेतले पैसे, घराचा हिस्सा सगळं अडकतं. सात वर्षं काही वार्ता नसेल तर माणूस मेला असं कायदा मानतो, पण तो कोणत्या तारखेला मेला हे मानत नाही. ते वेगळं सिद्ध करावं लागतं. आणि क्रियाकर्म? त्यासाठी पालाशविधी आहे. पळसाच्या 360 पानांचा देह मांडतात, मस्तकाला, गळ्याला, छातीला, हातापायांना ठरलेली संख्या, वर दोऱ्याचे वेढे, आणि त्या पुतळ्याला अग्नी. काही आया हा विधी करू देत नाहीत. गुरुजींनी, नातेवाइकांनी त्यांच्यावर जोर करू नये असं मला फार वाटतं. एक हाड जरी मिळालं तरी आम्हाला पुरे, असं म्हणणारी घरं आहेत, आणि तो हट्ट नाही.

ते एक हाड मिळालंच तर ते कोणाचं हे कळायची सोय आजच करून ठेवावी लागते. आई-वडील दोघांच्या रक्ताचे नमुने शक्य तितक्या लवकर द्यावेत. माणसं थकतात, जातात, खटला मात्र नऊ-नऊ वर्षं चालतो. दोघांपैकी एकच असेल तर भाऊ-बहीण, मुलं यांचेही द्यावेत. आई असेल तर तिच्याकडून उतरणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फार जुन्या, झिजलेल्या हाडातूनही मिळू शकतो. हरवलेल्या माणसाची खोली आवरू नये. दात घासायचा ब्रश, कंगव्यातले मुळासकट केस, दाढीचं पातं, न धुतलेला कपडा कागदी पाकिटात वेगवेगळं ठेवून पंचनाम्यात द्यावं. हाडांत मांडीचं आणि दात सगळ्यात उपयोगी, आणि ते फॉर्मेलिनमध्ये बुडवले की डीएनए बिघडतो, हे लहान रुग्णालयांतून अजूनही विसरलं जातं.

पावसाळा संपला, मासेमारी पुन्हा सुरू झाली की खाडीतल्या जाळ्यांत कधीकधी हाड येतं. बहुतेक वेळा ते परत पाण्यात टाकलं जातं. पोलिसांत गेलं तर होडी अडकेल, पंच म्हणून सही करावी लागेल, मग पनवेलच्या नाहीतर ठाण्याच्या कोर्टात वर्षानुवर्षं फेऱ्या, रोजचा धंदा बुडेल. ही भीती खोटी नाही, आणि ती घालवायचं काम पोलिसांचं आहे. पण हाड परत टाकू नये. धुवू नये, त्याला लागलेला गाळ तसाच राहू द्यावा, सुक्या पोत्यात गुंडाळावं, जाळं कोणत्या खुंटापाशी होतं ते लक्षात ठेवावं, आणि किती वाजता, कोणत्या तिथीला वर आलं तेवढं सांगावं. त्यावरून मागे जाता येतं.